सहा इंच म्हणजे एक वर्ष

मुहर्रकमध्ये ऑगस्टात थंड नळाला चटका बसेल असं पाणी येतं,
टाकी दिवसभर गच्चीवर तापत असते.
म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो
आणि गार पाण्यासाठी लाल खुणेचा नळ सोडतो.
इथे आल्यावर मी पहिलं हेच शिकले :
खुणेवर विसंबायचं नाही.

बदरिया आली ती मोबाईलमधला फोटो पुढे धरूनच.
दिराच्या लग्नाच्या आत तिला वाळूच्या रंगाचे केस हवे होते.
मी वेणी सोडली. कमरेखाली उतरली,
विहिरीतून काढलेल्या दोरासारखी जड.
"याआधी काही लावलंय?"
"हिना," तोडक्या हिंदीत ती म्हणाली, "सिर्फ हिना."

नुसतं असं काही नसतं.
महाडच्या कॉलेजात तीन वर्षं मी तेच तपासत होते,
'शुद्ध' लिहिलेल्या बाटल्यांच्या तळाचा गाळ.

वडिलांच्या दुकानात केस म्हणजे
संध्याकाळी सुपलीत भरायचा कचरा.
मला मात्र केसावर कौलं दिसतात,
एकावर एक चढवलेली, उतरती.
अमोनियाने डोळे चुरचुरले की समजायचं, कौलं उचलली.
मग पांढरी पूड आणि पेरॉक्साइड आत शिरतात.
लोकांना वाटतं काळा रंग धुऊन निघतो.
निघत नाही. तो जागच्या जागी मोडतो,
इतका बारीक, की त्याला काळा म्हणवत नाही.
आधी काळा जातो, मग तपकिरी.
तांबडा हटून बसतो
भाडं थकवलेल्या पोटभाडेकरूसारखा.
शेवटी उरतो केळीच्या सालीचा आतला पिवळा.
तिथे थांबायचं.
त्यापुढे जो निघतो तो रंग नसतो, केसच असतो :
गंधकाचे सांधे सुटतात
आणि ओली बट च्युइंगमसारखी लांबत जाते.

मानेमागची एक बट कापली, काडीएवढी.
काचेच्या लांबट ताटलीत आडवी निजवली, लेप दिला.
मारिवेलने घड्याळ लावलं.
मुळाकडून ती शहाण्यासारखी उजळत होती.
चौथ्या मिनिटाला टोकाकडची काच
बोटाला भाजायला लागली.
वाफ. कुजक्या अंड्याचा वास.
वीतभर टोक हिरवट झालं, आणि नव्हतं झालं.

"पुडीतल्या काळ्या मेहंदीत धातू असतो," मी म्हटलं.
टेप लावली. केस वर्षाला सहा इंच वाढतो.
"पाच वर्षांपूर्वी कुणी लावली होती?"

आरशात ती माझ्याकडे बघत नव्हती.
"आईने. लग्नाच्या आदल्या रात्री.
बाजारातून आणली होती, रंग लवकर चढावा म्हणून."
थोड्या वेळाने :
"ती म्हणाली होती, नुसती हिना आहे.
आता तिला विचारू तरी कसं?"

मी सांगायचं ते सांगितलं.
तेवढी वीत कापली तर बाकीचे छान उजळतील,
फोटोतल्यासारखे. अगदी फोटोतल्यासारखे नाही.
मारिवेलने कात्री पुसून ठेवली होती.
बदरियाने वेणी पुढे घेतली, टोक मुठीत धरलं,
जसं बसमध्ये सुट्टे पैसे धरतात.
"आज नको. विंचरून दे."

विंचरले. पैसे घेताना मला उगाच चोरट्यासारखं झालं.
ताटली बेसिनमध्ये रिकामी केली, लाल नळ सोडून.
गाळणीत मुळाकडचा अर्धा अडकला, पिवळाधमक.
टोकाचं काहीच नव्हतं.

रात्री खोलीवर मी माझी वेणी मोजली. सव्वीस इंच.
मला इथे येऊन चार वर्षं झाली, वर एक महिना.
म्हणजे खालची दीड इंच अजून महाडची आहे,
सावित्रीच्या पाण्यात शिकेकाईने धुतलेली.
टोकं फुटलीत. मारिवेल म्हणते, कापू या, दोनच बोटं.
मी म्हणते, पुढच्या पगाराला.
ती हसते. तिच्याकडे टेप नाही.